ऐकू येते का?

(ध्वनिक्षेपित भाषणावरून)

या क्षणी मी एका बंद खोलीत, एका ध्वनिग्राहकासमोर बसून बोलत आहे. माझा आवाज इंदूरच्या एखाद्या माडीवर, बेळगावच्या एखाद्या दुकानात, बडोद्याच्या एखाद्या स्वयंपाकघरात पोहोचत असेल अशी माझी समजूत आहे. परंतु तो खरोखरच पोहोचला की नाही, हे जाणून घेण्याचे कोणतेही साधन या घटकेला मजपाशी नाही. आठ-पंधरा दिवसांनी एखादे पत्र येईल. पण एक पत्र आले म्हणून सर्वांना ऐकू गेले असे ठरत नाही, आणि एकही पत्र आले नाही म्हणून कोणालाच ऐकू गेले नाही असेही ठरत नाही. जो एकाच वेळी अनेकांशी बोलतो, त्याच्या कपाळी ही अनिश्चितता लिहिलेलीच असते. गावात दवंडी पिटणाराही चावडीवर परत येऊन ‘दवंडी दिली’ एवढेच सांगू शकतो, ‘सर्वांनी ऐकली’ असे सांगू शकत नाही.

आज मी आपल्याला याच अनिश्चिततेचा एक निराळा इतिहास सांगणार आहे. तो संगणकांच्या जाळ्यातील आहे. एका संगणकाने एकाच वेळी अनेकांशी बोलावे अशी युक्ती काही विद्वानांनी शोधून काढली, आणि ती सिद्ध होते न होते तोच प्रश्न उभा राहिला की, बोललेले पोहोचते की नाही हे पाहावे कसे? त्या प्रश्नाचे उत्तर म्हणून पडद्यावर एका ओळीची आज्ञा टंकून चालवावयाची काही लहानशी साधने निर्माण झाली. साधने लहान असली तरी त्यांच्यामागचा विचार लहान नाही.

प्रथम मुळाकडे जाऊ. आज आपण ज्याला इंटरनेट म्हणतो त्या जाळ्याची मूळ रीत टपालासारखी आहे. मजकुराचे लहान लहान तुकडे करावयाचे, प्रत्येक तुकड्यावर घेणाऱ्याचा पत्ता घालावयाचा आणि तो वाटेवरच्या टपालघरांच्या स्वाधीन करावयाचा. या तुकड्यांना पॅकेट म्हणतात आणि त्या टपालघरांना राउटर. पत्ता एकच, घेणारा एकच. या रीतीला आपण एकप्रेषण म्हणू.

या रीतीत पाठवलेले पोहोचते की नाही, हे पाहण्याची सोय आरंभापासूनच होती. सप्टेंबर १९८१ मध्ये जॉन पोस्टेल यांनी जाळ्यातील निरोप आणि चुकांच्या सूचना यांचे जे नियम प्रसिद्ध केले, त्यांत ‘प्रतिध्वनी’ नावाचा एक निरोप होता. एका संगणकाने तो दुसऱ्याकडे पाठवावयाचा आणि दुसऱ्याने तो जसाच्या तसा परत करावयाचा, एवढाच त्याचा अर्थ. या निरोपाचा खरा उपयोग करून दाखवला तो माइक म्यूस यांनी. ते अमेरिकेच्या मेरिलँड राज्यातील अॅबर्डीन येथील लष्करी प्रक्षेपशास्त्र प्रयोगशाळेत काम करीत. डिसेंबर १९८३ मध्ये त्यांच्या जाळ्यात काही बिघाड दिसू लागला, तेव्हा त्यांनी एका बैठकीत एक छोटा कार्यक्रम लिहून काढला. पाणबुडीचा शोध घेणारे यंत्र पाण्यात ध्वनी सोडते आणि परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून अंतर ओळखते. त्या ध्वनीच्या नावावरून त्यांनी कार्यक्रमाचे नाव ठेवले ‘पिंग’. आज्ञा द्यावी, समोरच्या संगणकाचा पत्ता लिहावा, की दर सेकंदाला एक हाक जाते, उत्तर येते, आणि जाऊन येण्यास किती सहस्रांश सेकंद लागले तो आकडा ओळीने पडद्यावर उमटतो.

म्यूस यांनी पुढे या कार्यक्रमाची कथा लिहिली, तीत एक गमतीचा प्रसंग आहे. कोणा एका अभियंत्याने पिंगचे प्रत्येक उत्तर येताच संगणकाने मोठ्याने ‘पिंग’ असे म्हणावे अशी व्यवस्था केली, तो आवाज ध्वनिवर्धकावर लावला, आणि मग इमारतभर हिंडून एकेक तार हलवून पाहिली. ज्या ठिकाणी हात लावताच आवाज थांबला, तेथेच सैल जोड सापडला. डोळ्यांना न दिसणारा दोष कानांनी पकडण्याची ही युक्ती ध्वनिक्षेपणाच्या श्रोत्यांना पटण्यासारखी आहे. म्यूस यांचे नोव्हेंबर २००० मध्ये मोटार अपघातात निधन झाले. त्यांनी पुष्कळ मोठी कामे केली होती. पण जगाला त्यांचे नाव स्मरते ते या एका रात्रीच्या कामामुळे.

आता कथेला दुसरा धागा येऊन मिळतो. त्याच सुमारास कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीव्ह डीअरिंग नावाचे एक विद्यार्थी प्राध्यापक डेव्हिड चेरिटन यांच्या हाताखाली संशोधन करीत होते. तेथे अनेक संगणकांनी मिळून एकाच यंत्रासारखे वागावे अशी एक कार्यप्रणाली घडवली जात होती, आणि त्या संगणकांना वारंवार आपसांत एकाच वेळी सर्वांना निरोप द्यावे लागत. एका तारेवरचे संगणक एकमेकांची हाक सहज ऐकत. पण मधे राउटर आला, दोन निराळ्या तारा आल्या, की ती हाक तेथेच थांबे. ही हाक राउटर ओलांडून जाळ्याच्या दुसऱ्या टोकाला कशी न्यावी, हा डीअरिंग यांच्यापुढचा प्रश्न होता. डिसेंबर १९८५ मध्ये डीअरिंग आणि चेरिटन यांनी त्याविषयीचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला. ऑगस्ट १९८९ मध्ये त्याचे पक्के नियम झाले, आणि १९९१ मध्ये डीअरिंग यांचा प्रबंध पुरा झाला. या रीतीचे नाव मल्टिकास्ट. आपण तिला समूहप्रेषण म्हणू.

समूहप्रेषणाची कल्पना मोठी सुटसुटीत आहे. जाळ्यातील पत्त्यांपैकी २२४ पासून २३९ या अंकांनी सुरू होणारे पत्ते कोणत्याही एका संगणकाचे नसतात. ते समूहाचे असतात. ज्याला ऐकावयाचे असेल त्याने आपल्या जवळच्या राउटरला एवढेच सांगावे की, ‘मी या समूहात आहे.’ बोलणाऱ्याने आपला मजकूर एकदाच त्या पत्त्यावर सोडावा. वाटेत जेथे रस्ता फुटत असेल तेथे राउटरने त्याच्या प्रती काढाव्या, आणि जिकडे ऐकणारा आहे तिकडेच त्या पाठवाव्या. बोलणाऱ्याला ऐकणाऱ्यांची यादी ठेवावी लागत नाही, आणि ऐकणाऱ्याला बोलणाऱ्याची परवानगी मागावी लागत नाही. मूळ एक, फांद्या अनेक, असे एक झाड जाळ्यात उभे राहते. झाडाला पाणी मुळाशी घालावे, पानापानाला नव्हे, हाच या रीतीचा न्याय आहे.

यात काय साधते, हे एका हिशेबाने पाहू. दूरध्वनीच्या प्रतीचा आवाज पाठवावयास सेकंदाला ६४ हजार बिट लागतात. बिट म्हणजे माहितीचा सर्वांत लहान कण. वीस ठिकाणी वीस स्वतंत्र प्रती पाठवावयाच्या तर पहिल्याच तारेवर १२ लक्ष ८० हजार बिटांचा भार पडतो. त्या काळी मोठी समजली जाणारी टी-१ जातीची तार सेकंदाला सुमारे १५ लक्ष ४४ हजार बिट वाहून नेई. म्हणजे वीस श्रोत्यांतच ती बहुतेक भरून जावयाची. समूहप्रेषणाने तोच भार ६४ हजारांवर राहतो, मग श्रोते वीस असोत की वीस हजार.

हा प्रयोग जगापुढे आला तो मार्च १९९२ मध्ये. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या अभियंत्यांची सभा अमेरिकेत सॅन दिएगो येथे भरली होती. स्टीव्ह कॅसनर, डीअरिंग आणि त्यांचे सहकारी यांनी त्या सभेतील भाषणे समूहप्रेषणाने तीन खंडांतील वीस ठिकाणी पोहोचवली. दूरचे श्रोते नुसते ऐकत नव्हते, त्यांपैकी काहींना सभागृहाशी बोलताही आले. परंतु एक अडचण होती. वाटेवरच्या बहुतेक राउटरांना ही नवी रीत ठाऊकच नव्हती. तेव्हा जेथे ती ठाऊक होती अशा बेटांना जोडणारे जणू भुयारी मार्ग खणण्यात आले. समूहाच्या पॅकेटावर साध्या टपालाचे पाकीट चढवावयाचे, ते साध्या राउटरांतून पलीकडे न्यावयाचे, आणि तेथे पाकीट फोडावयाचे. या भुयारांच्या जाळ्याला ‘एमबोन’ असे नाव पडले. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यावरून परिषदा गेल्या, अंतराळयानाची दृश्ये गेली, आणि १८ नोव्हेंबर १९९४ रोजी डॅलस येथील रोलिंग स्टोन्स या गायकवृंदाच्या कार्यक्रमाचा काही भागही गेला.

उत्साह मोठा होता, पण त्याबरोबर तक्रारीही येऊ लागल्या. ‘आम्हाला काहीच ऐकू येत नाही.’ ‘आवाज तुटतो.’ ‘काल येत होते, आज नाही.’ आणि येथे अभियंत्यांच्या ध्यानात आले की, ज्या साधनांवर त्यांची आजवर भिस्त होती, ती या ठिकाणी कुचकामी आहेत.

पिंगचेच उदाहरण घ्या. समूहाच्या पत्त्यावर पिंगची हाक सोडली तर काय होते? २२४.०.०.१ हा पत्ता त्या तारेवरील समूहप्रेषण जाणणाऱ्या सर्व संगणकांचा. त्याला हाक मारताच एका प्रश्नाला दहा-वीस उत्तरे येत. पिंगची रचनाच मुळी ‘एक प्रश्न, एक उत्तर’ या गृहीतावर झालेली. त्यामुळे पहिले उत्तर सोडून बाकीच्यांवर तो ‘दुबार’ असा शेरा मारी. वस्तुतः दुबार काहीच नसे. ती निरनिराळ्या संगणकांची प्रामाणिक उत्तरे असत. आणि ही सोयही टिकली नाही. एकाच हाकेने शेकडो संगणकांना बोलते करता येते हे दुष्टांच्याही लक्षात आले. दुसऱ्याच्या नावाने खोटी हाक घालावयाची आणि सर्वांची उत्तरे त्या बिचाऱ्याच्या अंगावर लोटावयाची, असे हल्ले १९९८ च्या आरंभी इतके वाढले होते की, सुरक्षेविषयी सावधगिरीची सूचना काढावी लागली. त्यानंतर पुष्कळ संगणक सर्वांना उद्देशून आलेल्या हाकेला उत्तर देईनासे झाले. म्हणजे मौनाचा अर्थ आणखीच संदिग्ध झाला. समोरचा संगणक बोलत नाही, तो बहिरा आहे म्हणून की शहाणा आहे म्हणून?

दुसरे जुने साधन ट्रेसरूट. व्हॅन जेकबसन यांनी हा कार्यक्रम १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस लिहिला. यात मुद्दाम अल्पायुषी पॅकेटे सोडावयाची. ज्या राउटरपाशी पॅकेटाचे आयुष्य संपते तो ‘तुमचे पॅकेट येथे संपले’ असा उलट निरोप धाडतो, आणि अशा निरोपांवरून सारी वाट कळते. पण समूहाच्या पॅकेटाबद्दल असे दोषनिरोप पाठवावयाचे नाहीत, असा नियमच आहे. तो योग्यही आहे. एका पॅकेटाच्या हजार प्रती हजार ठिकाणी संपल्या आणि हजारांनी तक्रार लिहिली, तर बोलणारा त्या पत्रांच्या ढिगाखाली गाडला जाईल.

श्रोतेहो, या प्रकरणाचे मर्म येथे आहे. अनेकांशी बोलणे स्वस्त झाले, परंतु अनेकांकडून पोच घेणे महागच राहिले. जी युक्ती वीस हजार श्रोत्यांना एका प्रतीत भागवते, तीच युक्ती उलट दिशेने चालत नाही. वीस हजार पोचपावत्या एकाच दारातून आत यावयाच्या असतात. म्हणून पडताळणीची पद्धतच नव्याने विचारपूर्वक घडवावी लागली.

पहिला उपाय वाट शोधण्याचा. त्याचे नाव एमट्रेस. याची मूळ रचना जेकबसन यांची, आणि तीत कॅसनर, डीअरिंग आदींचा हातभार लागला. यातील खुबी अशी की, शोध बोलणाऱ्यापासून सुरू होत नाही, ऐकणाऱ्यापासून होतो. मुळापासून निघाले तर हजार फांद्यांपैकी कोणती धरावी हा प्रश्न पडतो. पानापासून निघाले तर मुळाकडे जाणारी वाट एकच असते. ऐकणाऱ्याच्या दाराशी असलेल्या राउटरला विचारावयाचे की, ‘या समूहाचा मजकूर तुला कोणाकडून येतो?’ तो आपली नोंद लिहून प्रश्न वरच्या राउटरकडे पाठवतो, तो त्याच्या वरच्याकडे, आणि अखेरीस सर्व नोंदींची माळ विचारणाऱ्याकडे परत येते. प्रत्येक नोंदीत आत किती पॅकेटे आली आणि बाहेर किती गेली, याचे आकडे असतात. काही वेळाने तीच चौकशी पुन्हा केली आणि दोन्ही आकड्यांची वजाबाकी मांडली की, कोणत्या दोन मुक्कामांच्या मधे गळती आहे ते बोट ठेवून दाखवता येते. या रीतीची सुधारलेली दुसरी आवृत्ती २०१८ मध्ये नियमबद्ध झाली.

दुसरा उपाय पोच मर्यादित करण्याचा. जानेवारी १९९६ मध्ये आवाज आणि चित्रे वाहून नेण्याचे जे नियम प्रसिद्ध झाले, त्यांत प्रत्येक श्रोत्याने ‘मला किती मिळाले, किती हरवले’ हे अधूनमधून सर्वांना कळवावे अशी तरतूद होती. पण तिला बंधन असे घातले की, अशा सर्व अहवालांचा मिळून भार एकूण वाहतुकीच्या सुमारे शेकडा ५ च्या आत राहावा. श्रोते दहा असले तर प्रत्येकाने वारंवार बोलावे, दहा हजार झाले तर प्रत्येकाने क्वचित बोलावे. सभेत प्रश्न विचारणारे वाढले की अध्यक्ष प्रत्येकाचा वेळ आखडता घेतात, तसाच हा प्रकार.

तथापि या दोन्ही उपायांना काही पूर्वतयारी लागे. ज्याच्या हाती राउटर नाहीत, ज्याला आपल्या मेजावरून एवढेच पाहावयाचे आहे की, ‘तेथून मला समूहप्रेषण येते का?’, त्याला पिंगसारखेच साधे काही हवे होते. ते नॉर्वेतील स्टिग वेनोस यांनी या शतकाच्या पहिल्या दशकात दिले. त्याचे नाव एसएसएमपिंग. या नावातील पहिल्या तीन अक्षरांचा इतिहास थोडक्यात सांगतो. डीअरिंग यांच्या मूळ कल्पनेत समूहात कोणीही बोलू शके. त्यामुळे बोलणारा कोण आणि कोठे आहे हे शोधण्याचे अवघड काम जाळ्यावर पडे. १९९९ मध्ये ह्यू होलब्रुक आणि तेच प्राध्यापक चेरिटन यांनी सुचवले की, ऐकणाऱ्याने समूहाबरोबर बोलणाऱ्याचेही नाव सांगावे, म्हणजे जाळ्याचे काम सोपे होईल. ऑगस्ट २००६ मध्ये या ‘स्रोतनिष्ठ’ समूहप्रेषणाचे नियम ठरले. त्याचीच ती आद्याक्षरे.

एसएसएमपिंगची रीत पाहण्यासारखी आहे. दूरच्या एका संगणकावर उत्तर देणारा कार्यक्रम सतत चालू असतो. आपण आपल्या येथून आज्ञा देतो. आपला संगणक प्रथम त्या दूरच्या स्रोताच्या समूहात सामील होतो, आणि मग त्याला साध्या टपालाने, म्हणजे एकप्रेषणाने, दर सेकंदाला एक प्रश्न पाठवतो. तो दूरचा संगणक प्रत्येक प्रश्नाला दोन उत्तरे देतो. एक साध्या टपालाने थेट आपल्याला, आणि तेच दुसरे समूहाच्या पत्त्यावर. आपल्या पडद्यावर दोन प्रकारच्या ओळी उमटू लागतात. त्यांवर प्रश्नाचा क्रमांक, वाटेतील मुक्कामांची संख्या आणि लागलेला वेळ लिहिलेला असतो.

दोनच उत्तरे का? कारण एका उत्तराने निर्णय होत नाही. समूहाचे उत्तर आले नाही तर दोष समूहप्रेषणाचा, की समोरचा संगणकच बंद, की मधली तारच तुटलेली, हे कळत नाही. साधे उत्तर येत आहे आणि समूहाचे येत नाही असे दिसले की, संशय नेमक्या जागी जाऊन बसतो. दोन्ही येत नसतील तर समूहप्रेषणाला दोष देण्याचे कारण नाही. दोन्ही येत असून समूहाचे उत्तर उशिरा येत असेल, तर दोन वाटा निराळ्या आहेत. एका साक्षीदाराचे मौन निरुपयोगी असते. दुसऱ्याने साक्ष दिली म्हणजे त्याच मौनाला अर्थ येतो. हा न्यायालयातला विवेक त्या छोट्या कार्यक्रमात आहे.

आरंभीची एक-दोन समूहोत्तरे बहुधा येतच नाहीत. नवख्याला तो दोष वाटतो, पण तो दोष नव्हे. आपण समूहात सामील झाल्याचा निरोप राउटरामागून राउटर ओलांडीत स्रोतापर्यंत पोहोचावा लागतो, तेव्हा कोठे फांदी जोडली जाते. तोपर्यंत सुटलेली उत्तरे आपल्यासाठी नसतात. त्यामुळे पहिले समूहोत्तर यावयास किती वेळ लागला हा आकडाच झाड किती लवकर वाढते ते सांगतो, आणि कार्यक्रम शेवटी तो आकडा हिशेबात देतो. या अनुभवावरून समूहपिंगचे नियम डिसेंबर २०११ मध्ये वेनोस यांच्याच नावाने प्रसिद्ध झाले. त्यांत जुन्या हल्ल्यांचे स्मरण ठेवून एक खबरदारी घेतली आहे. विचारणारा खरोखर त्याच पत्त्यावर राहतो, याची आधी खातरजमा करून घेता येते, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने हाक घालता येत नाही.

पुढे रेडहॅट कंपनीत याच कल्पनेवर ओमपिंग नावाचे साधन तयार झाले. यात एक विचारणारा आणि एक उत्तर देणारा असा भेद नाही. चार संगणकांवर तीच आज्ञा, त्याच चार नावांसह द्यावयाची. प्रत्येक जण प्रत्येकाला विचारतो आणि प्रत्येक जण प्रत्येकाला उत्तर देतो. जेथे अनेक संगणक एकत्र बांधून एकच काम करतात, तेथे याचा फार उपयोग झाला. अशा ठिकाणी संगणक एकमेकांना सतत ‘मी जिवंत आहे’ असे सांगत असतात. तो निरोप पोहोचला नाही तर दोन्ही बाजू दुसरीला मृत समजून कारभार आपल्या हाती घेऊ पाहतात. एका तिजोरीला दोन कारभारी झाले आणि दोघेही आपापल्या परीने जमाखर्च लिहू लागले, म्हणजे जे व्हावयाचे तेच मग माहितीचे होते.

या संदर्भात एक दोष इतका फसवा आहे की, तो मुद्दाम सांगितला पाहिजे. नवी मांडणी होते, ओमपिंग चालवतात, सर्व उत्तरे व्यवस्थित येतात. दोन मिनिटे पाहून माणसे समाधानाने घरी जातात. आणि चार-साडेचार मिनिटांनी सारे शांत होते. कारण असे की, तारा जोडणारे स्विच समूहात कोण आहे याची नोंद ठेवतात, पण ती नोंद कायमची नसते. कोणीतरी ठरावीक काळाने, प्रचलित नियमाप्रमाणे दर १२५ सेकंदांनी, ‘या समूहात अजून कोण आहे?’ असे विचारावयाचे असते, आणि सभासदांनी हात वर करावयाचा असतो. हा प्रश्नकर्ता बहुधा राउटर असतो. जेथे तो नाही, किंवा त्याचे ते काम बंद ठेवलेले आहे, तेथे कोणी विचारीत नाही, म्हणून कोणी हात वर करीत नाही, आणि २६० सेकंद होताच नोंद पुसली जाते. सभासद जागच्या जागी बसलेले असतात, पण हजेरी घेणाराच नसल्यामुळे ते गैरहजर ठरतात. म्हणून जाणते लोक ही परीक्षा दहा मिनिटे चालवतात, म्हणजे ६०० हाका, सेकंदाला एक. हा ६०० चा आकडा त्या २६० सेकंदांपलीकडे जाण्यासाठी आहे. पहिल्या पाच मिनिटांचे यश हे यशच नव्हे, हा धडा पुष्कळांनी रात्री-अपरात्री उठून, नुकसान सोसून घेतलेला आहे.

आता कोणी म्हणेल, या साऱ्याशी आमचा संबंध काय? एक उदाहरण आपल्या मुंबईचे देतो. तेथील राष्ट्रीय शेअर बाजारात भावांची क्षणाक्षणाची माहिती पूर्वी काही वर्षे सदस्यांच्या संगणकांना एकप्रेषणाने दिली जाई. पंगतीत वाढप एका टोकापासून सुरू व्हावे तशी ती एकामागून एकाला मिळे, आणि जो आधी जोडला गेला त्याच्या पानात ती आधी पडे. हा अवधी सेकंदाच्या अत्यल्प अंशाचा असला तरी आजच्या यांत्रिक व्यवहारात तेवढ्याचीही किंमत असते. २०१४ मध्ये ही माहिती समूहप्रेषणाने देण्यास आरंभ झाला. जुन्या रीतीतून निर्माण झालेला वाद सेबीपुढे गेला, ३० एप्रिल २०१९ रोजी आदेश झाले, आणि पुढे अपिलेही झाली. त्या कज्जाच्या गुणदोषांत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु माहिती सर्वांना एकाच क्षणी मिळावी हा न्यायाचा प्रश्न आहे, आणि ती तशी मिळते की नाही हे तपासणे ही केवळ कारागिरांची हौस नव्हे, एवढे त्यावरून दिसते.

मोकळ्या जगभर पसरणारे समूहप्रेषण मात्र डीअरिंग यांच्या पिढीने कल्पिले होते तसे झाले नाही. एमबोन विरून गेले. निरनिराळ्या कंपन्यांच्या सीमा ओलांडताना, वाटेतील प्रतींचा खर्च कोणी सोसावा याचे समाधानकारक उत्तर कोणापाशी नव्हते. आज आपण घरी जी दृश्ये संगणकावर पाहतो ती बहुतेक एकेकाला स्वतंत्र प्रतीनेच मिळतात. ऑगस्ट २०२० मध्ये तर नियम ठरवणाऱ्यांनीच सांगितले की, निरनिराळ्या व्यवस्थापनांच्या सीमांपार समूहप्रेषण करावयाचे तर ते स्रोतनिष्ठच असावे, कोणीही बोलावे ही जुनी रीत तेथे सोडून द्यावी. परंतु शेअर बाजार, तारेने घरोघर दूरचित्रवाणी पुरवणाऱ्या कंपन्या, विद्यापीठे अशा एका व्यवस्थापनाखालच्या जाळ्यांत समूहप्रेषण आजही चालू आहे, आणि जेथे ते आहे तेथे त्याची पडताळणी करणाऱ्या त्या एका ओळीच्या आज्ञाही आहेत.

या इतिहासातून मला जे घ्यावेसे वाटते ते सांगून थांबतो. बोलण्याची साधने माणसाने फार वाढवली. दवंडीपासून ध्वनिक्षेपणापर्यंत आणि ध्वनिक्षेपणापासून या जाळ्यापर्यंत प्रत्येक पिढीने आपला आवाज अधिक दूर नेला. पण बोलले म्हणजे पोहोचले, हा समज मात्र प्रत्येक पिढीला नव्याने टाकून द्यावा लागला. म्यूस, जेकबसन, कॅसनर, वेनोस यांनी बोलणाऱ्याचा आवाज वाढवला नाही. त्यांनी त्याला नम्रपणे विचारावयास शिकवले की, ‘ऐकू येते का?’ आणि तेही एकदा विचारून थांबू नये, एकाच वाटेने विचारू नये, एका उत्तरावरून सर्वांचे अनुमान करू नये, हे शिकवले. मौनाला संमती समजण्याची सवय राज्यकर्त्यांना असते, शिक्षकांना असते, आणि ध्वनिग्राहकासमोर बसणाऱ्यांनाही असते. ती सवय मोडण्यास यंत्रांच्या जगातील ही गोष्ट उपयोगी पडेल असे मला वाटते.

हेच भाषण दोन-चार दिवसांनी वृत्तपत्रात छापून येईल. ज्यांना आवाज पोहोचला नसेल त्यांना कागद तरी पोहोचेल, आणि ज्यांना दोन्ही मिळतील त्यांना मी काय बोललो आणि काय छापले गेले, हे ताडून पाहता येईल. एकाच उत्तराच्या दोन वाटांचे महत्त्व आताच आपण पाहिले. ज्यांना यांपैकी काहीही मिळाले असेल त्यांनी एक पोस्टकार्ड अवश्य टाकावे.